नववा रकाना

आमच्या बालगृहातून दर महिन्याला एक अहवाल बीडला जायचा. अकरा रकाने होते त्यात. किती मुलं हजर, किती शाळेत जातात, कुणाचं वजन किती भरलं, कोण आजारी पडलं, असं सगळं. नवव्या रकान्यावर छापलेलं असायचं, 'महिन्यातील हाणामारीच्या व हिंसक घटना.' त्या रकान्यात मी सहा वर्षं एकच शब्द लिहिला. निरंक.

माझं अक्षर चांगलं आहे. परळीत आमच्या किराणा दुकानातल्या पाट्या मीच लिहायचो. त्यामुळे तो शब्द कागदावर शोभून दिसायचा. तपासणीला आलेले लोक पानं उलटत जायचे आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायचे, "पस्तीस पोरं आणि एक भांडण नाही? कसं काय जमवता हो?" मी हसून सांगायचो, "प्रेमानं." हे मी खरोखर म्हटलेलं आहे, आणि बऱ्याचदा म्हटलेलं आहे.

संस्थेच्या सचिवांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मागच्या महिन्यात मला निरोप धाडला की झालं गेलं संपलं, आता कुठं लिहीत-बोलत बसू नका, संस्थेचं नाव खराब होतं. नाव मी कुणाचंच घेत नाही. संस्थेचं नाही, अण्णांचं नाही, पोरांचं तर नाहीच. पण लिहिणार आहे. सहा वर्षं न लिहिण्याचं काम मी मन लावून केलं. आता एवढं मला करू द्या.

बालगृह दिंद्रुडच्या पुढं आडबाजूला होतं. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मध्ये अंगण, अंगणात हौद आणि एक लिंबाचं झाड, मागं जेवणाची शेड. शेडला लागूनच माझं ऑफिस. चाळिशी ओलांडल्यावर मी तिथं अधीक्षक म्हणून रुजू झालो. पोरांत राहणारी माणसं तीनच. एक मी. एक स्वयंपाक करणाऱ्या मावशी. आणि एक काळजीवाहक. पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. मामा नारायणगडाकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले, माझ्याहून वयानं मोठे.

पोरं आठ ते सतरा वयाची. बहुतेकांच्या घरची माणसं दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला कारखान्यांवर जाणारी. कुणाचा बाप वारलेला, कुणाची आई, कुणाची दोन्ही असून पत्ता नसलेली. माझे पहिले तीन महिने असे गेले की हौदावर आंघोळीच्या वेळी तांब्यांनी मारामारी आणि पंगतीत ताटं हवेत. एकदा दोघांना सोडवताना कोपर लागून माझा दात हलला. रोज मी मनातल्या मनात राजीनामा लिहायचो.

तेव्हा एक पंधरा वर्षांचं आडदांड पोरगं होतं. एका दुपारी पंगतीत दोघं एकमेकांच्या उरावर बसलेले असताना ते नुसतं उठून उभं राहिलं आणि म्हणालं, "बसा बे खाली." सगळे बसले. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या हातातलं वगराळं, म्हणजे आमटी वाढायचा मोठा डाव, काढून त्याच्या हातात दिलं. म्हणालो, "आजपासून वाढायचं काम तुझं. आणि पंगत शांत ठेवायचंही."

माझ्या वडिलांनी दुकानात हेच केलं होतं. पोती उतरवायला आठ-दहा हमाल असायचे, पण वडील बोलायचे एकाशीच. तो पुढं बाकीच्यांशी कसं बोलतो, यात ते कधी पडले नाहीत. "आपल्याला पोती थप्पीला लागल्याशी मतलब," म्हणायचे. मी लहानपणापासून ते बघितलं होतं आणि त्यालाच कारभार समजलो होतो.

पोरांनी त्या मुलाला लगेच नाव ठेवलं, मुकादम. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. चालायला लागली तेव्हापासून ती उसाच्या फडात हिंडलेली. टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमच्या मुकादमानंही दोन-दोन पोरांचे कोयते पाडले, एक मोठा आणि एक लहान. झाडायला, पाणी भरायला, आंघोळीला, जेवायला कोयता बरोबर. सतरा कोयते आणि एक मुकादम. मला ते इतकं आवडलं की मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, "आपल्या मातीतली पद्धत आहे साहेब, पोरांनी स्वतः काढलेली."

या पद्धतीला एक नियम होता, तो मी पाहुण्यांना सांगत नव्हतो. कोयत्यातल्या एकानं चूक केली की दुसऱ्यानं त्याला मारायचं. मुकादम स्वतः कुणाला बोट लावत नसे. तो नुसता सांगायचा.

मला हे माहीत होतं का? पुढं बीडला बालकल्याण समितीसमोर मला हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा इथंही टाळत नाही.

पहिल्याच वर्षी एक अकरा वर्षांचं पोरगं सुजलेला हात घेऊन माझ्या टेबलापाशी आलं. काही बोलायच्या आतच मी विचारलं, "पडलास ना हौदावर?" ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलं. मग म्हणालं, "हा सर, पडलो." मी मलम लावलं, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि महिनाअखेर लिहिलं, निरंक. ते काय सांगायला आलं होतं हे मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच उत्तर मी आधी देऊन टाकलं. पुढं ती माझी सवयच झाली. "दार लागलं का रे?" "खेळताना ना?" पोरं हुशार होती. मी दिलेलं उत्तर घेऊन परत जायची.

वजनाचंही तसंच. गावातल्या आरोग्यसेविका ताई दर महिन्याला काटा घेऊन यायच्या. मोठी पोरं अंगानं भरत होती, लहान तिथल्या तिथं. ताई एकदा म्हणाल्या, "सर, आमटीत डाळ असती ना?" मी म्हणालो, "जंत असतील ताई, गोळ्या द्या." त्यांनी गोळ्या दिल्या. आमटीतली डाळ खाली बसते. वगराळं वरच्यावर फिरवलं तर पाणी येतं, तळातून घातलं तर डाळ. किराणा दुकानदाराच्या मुलाला हे कुणी समजावून सांगायला पाहिजे होतं का?

पहिला मुकादम अठराचा होऊन बाहेर पडला. मी दुसरा नेमला. तोही गेला. तिसरा नेमला तो म्हणजे तेच सुजलेल्या हाताचं पोरगं, आता सतरा वर्षांचं, मिशी फुटलेलं. वगराळं मी त्याच्या हातात सगळ्यांसमोर दिलं आणि टाळ्या वाजवल्या.

दोघं भाऊ आले ते पोळ्याच्या सुमाराला. थोरला तेरा वर्षांचा, धाकटा नऊ. घर शेळ्या-मेंढ्यांवर चाललेलं. आई गेली, बाप निघून गेला, चुलत्यानं आणून सोडलं. थोरला जवळजवळ बोलायचाच नाही. धाकटा मात्र तोंडाळ. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण पाहिजे असायचं. "सर, तुमच्या शर्टाला दोनच बटनं कावून?" "मावशी, आज बी बेसनच कावून?" "मामा, तुमी बूट घालीत न्हाई, कावून?" मामा म्हणायचे, "अरे गप की बाबा, कान दुखाले."

मुकादमानं या दोघांचाच एक कोयता पाडला. संक्रांत येईपर्यंत धाकट्याचं 'कावून' बंद झालं. मला वाटलं, पोरगं रुळलं.

मार्चमधली ती दुपार. रविवार होता, शाळा नव्हती. शेडमध्ये पंगत बसली होती आणि मी ऑफिसात खिडकीशी बसून महिन्याचा अहवाल भरत होतो. मध्ये फक्त जाळी. सगळं ऐकू येत होतं, आणि मान वळवली असती तर दिसलंही असतं.

धाकट्याचं ताट कलंडलं आणि आमटी मुकादमाच्या पायावर सांडली.

मुकादम म्हणाला, "मार त्याला."

चापट वाजली. दोन-तीन पोरं हसली. मला वाटलं, झालं. पण मुकादम पुन्हा बोलला. "सोताच्या तोंडात न्हाई. त्याच्या तोंडात मार. लई दिवस झालं तुझं ह्ये नाटक."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा थोरला इतके दिवस भावाच्या वाट्याची शिक्षा स्वतःच्या हातानं स्वतःला देत होता. माझ्या हातात पेन होतं. मी उठलो नाही.

"मार बे. न्हाईतर उठा दोघं बी पंगतीतून. आज बी आन् उद्या बी."

मग धाकट्याचा आवाज आला, अगदी समजुतीचा, मोठ्या माणसासारखा. "मार ना दादा. हळू मार."

त्यानंतर जो आवाज आला तो वगराळ्याचा होता. थोरल्यानं भांड्यातलं वगराळं उचलून मुकादमाच्या कानशिलावर घातलं होतं, आणि मी धावत पोहोचेपर्यंत दुसऱ्यांदा घातलं होतं. म्हणजे मी उठलो तो डोक्यावर लोखंड आपटल्यावर. "मार त्याला" या पहिल्या शब्दाला उठलो असतो, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी सहा पावलांवर बसलो होतो.

माजलगावला दवाखान्यात मुकादमाला पाच टाके पडले. परत येताना रिक्षात तो माझ्याशेजारी पट्टी बांधून बसला होता. मग म्हणाला, "सर, त्यानं मला कावून मारलं? मी तर नियमानं चाललतो."

"कसला नियम?"

"तुमाला ठाव न्हाई व्हय?" तो हसायला गेला, टाके ताणले गेले म्हणून थांबला. "न्हाईच ठाव म्हना. माझा हात सुजलता तवा बी तुमाला ठाव न्हवतं. मी हौदावर पडलतो."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. तो पुढं म्हणाला, "वगराळं आता त्याला देनार का?"

त्याला रागही नव्हता. जो जिंकतो त्याला वगराळं मिळतं, एवढंच तो माझ्या हाताखाली शिकला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, "दवाखान्याचा कागद झालाय. आता निरंक चालणार नाही."

"नाही चालणार," मी म्हणालो.

"एक घटना दाखवू. सहा वर्षांत एक म्हणजे काही नाही. पोरगं मुळातच हिंसक, घरचं वळण नाही, इथं त्याचा बाकीच्यांना धोका, असं लिहा. दुसऱ्या जिल्ह्यात मोठ्या पोरांचं गृह आहे, तिकडं हलवायची शिफारस करा. गुरुवारी समिती बसतीय."

"आणि धाकटा?"

"धाकट्याचं काय? तो इथंच राहील. त्यानं कुठं कुणाला मारलंय?"

म्हणजे दोन भाऊ दोन जिल्ह्यांत. माझ्या एका कागदावर. मी म्हणालो, "बरं अण्णा."

हेही लिहून ठेवतो की ते गेल्यावर मी खरंच लिहायला घेतलं. 'सदर बालक मूलतः आक्रमक स्वभावाचे असून' अशी सुरुवात केली आणि दीड पान लिहिलं. 'मूलतः' हा शब्द मला अण्णांनी दिला नव्हता. तो माझा.

मामा चहा घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, "काय लिव्हलं? वाचा की." मी वाचून दाखवलं. ते उभ्या-उभ्या ऐकत राहिले.

"त्या पोरानं आल्यापासून सोताच्या तोंडात मारून घेतलं. ते कुठं हाय ह्यात?"

"मामा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"सांगितलं की. दोनदा. तुमी म्हणलाव, मामा, पंगत शांत हाय ना, मग झालं."

मामा दारातच खाली बसले. "आमच्या कळपात एक मारका एडका व्हता. जरा कुणी इकडंतिकडं झालं की टक्कर. आमचा बाप लई खुश. म्हणायचा, बघा मेंढरं कशी गुमान उभी ऱ्हात्यात. बाजारात नेली तवा कळलं, अंगावर मांसच न्हाई. भिऊन चरतच न्हवती ती. आमी समजलाव शिस्त."

"मग काय केलं एडक्याचं? कापला?"

"त्याला कावून कापावं? बापानंच पुढं लावलता त्याला. येगळा बांधला, हातानं चारा घातला. झाला नीट." ते उठले आणि कप उचलला. "बापाला कोन बांधनार व्हतं, सर?"

थोरल्याला मी घटनेपासून माझ्या ऑफिसातच ठेवलं होतं, बाकीच्यांपासून लांब. तो कोपऱ्यात सतरंजीवर बसून हे सगळं ऐकत होता. मामा गेल्यावर तो त्या दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला. "सर, मी गेल्यावर त्याचा कोयता कुणाबरूबर?"

त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तो गेल्यावर त्याच्या भावाला मारायचं काम कुणाकडे जाणार.

मी ते दीड पान फाडलं. मग लिंबाखाली खुर्ची टाकली आणि दोन दिवस एकेका पोराला बोलावलं. या वेळी उत्तर मी दिलं नाही. "काय झालं होतं?" एवढंच विचारायचं आणि तोंड मिटून बसायचं. माझ्यासारख्या माणसाला ते फार अवघड जातं. काही पोरं अर्धा-अर्धा तास गप्प बसली. एकानं विचारलं, "सर, पडलो म्हणून सांगू का?" मी म्हणालो, "पडला असशील तर सांग." ते म्हणालं, "न्हाई पडलो," आणि मग त्याचं बोलणं थांबेना.

मावशींनाही विचारलं. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "भांडं मी त्याच्यापुढं ठेवीत व्हते, सर. पर ठेवायला तुमीच सांगितलं व्हतं." खरं होतं ते.

नवव्या रकान्यात मावेना म्हणून मी पानं जोडली. पहिली नोंद सहा वर्षांपूर्वीची, अकरा वर्षांच्या मुलाचा सुजलेला हात. त्याला कुणी मारलं ते लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून ते लिहिलं, आणि तो सांगायला आला तेव्हा मी काय म्हणालो तेही लिहिलं. शेवटची नोंद वगराळ्याची. खाली जबाबदार व्यक्ती म्हणून 'अधीक्षक' लिहिलं आणि सही केली.

गुरुवारी बीडला समितीच्या ऑफिसबाहेर अण्णांनी ती पानं माझ्या हातातून घेऊन चाळली. त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला ओढत म्हणाले, "येडे झालाव का तुमी? सोताचीच मान कापून घेताय."

"माझीच आहे अण्णा," मी म्हणालो आणि पानं परत घेतली.

"संस्थेचं काय? पस्तीस पोरं रस्त्यावर येतील. त्याचं पाप कुणाला?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मला तो आजही टोचतो. पण मी त्यांना सांगितलं, "पोरं रस्त्यावर येतील म्हणून पोरांनी मार खायचा, हे मी सहा वर्षं मान्य केलं. आता नाही करत."

आत समितीच्या बाईंनी सगळी पानं वाचली. एकही ओळ सोडली नाही. मग चष्मा काढून विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सहा वर्षं काय करत होता?"

"मला शांतता पाहिजे होती, ताई. ती कशी मिळतीय ते बघायचं नव्हतं."

"या मुलानं वगराळ्यानं डोकं फोडलंय. तो पुन्हा कुणाला मारणार नाही, अशी हमी देता?"

"नाही देत. त्याला भावाला मारायला पुन्हा कुणी सांगणार नाही, एवढी हमी देतो."

त्यांनी थोरल्याला आत बोलावलं आणि मला बाहेर काढलं. तो आत किती वेळ होता ते मी मोजलं नाही. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता बाकावर बसला. निर्णय असा झाला की दोघं भाऊ एकत्र राहतील, मुकादमालाही कुठं हलवायचं नाही, तीन महिने समितीची माणसं येऊन बघतील, आणि माझी वेगळी चौकशी होईल. पोरांबद्दलचा निर्णय ऐकून मी जिन्यातच खाली बसलो. माझ्या चौकशीचं मला काही वाटलं नाही.

यानंतर सगळं छान झालं, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. वगराळं मी माझ्या हातात घेतलं, कोयते मोडले, आणि पहिल्याच आठवड्यात बालगृह पेटलं. हौदावर पुन्हा तांबे वाजू लागले. सहा वर्षं दाबून ठेवलेली भांडणं एकेक करून वर आली. कुणी कुणाची वही फाडली, कुणी कुणाला चावलं, थोरला आणि मुकादम दोनदा एकमेकांच्या अंगावर गेले आणि मामांनी त्यांना मधे पडून धरलं. मी रोज लिहीत होतो. काय झालं, आधी काय झालं होतं, आम्ही मोठी माणसं कुठं होतो. शेवटचा प्रश्न मी छापील रकान्यात माझ्या हातानं घातला. बहुतेक वेळा उत्तर यायचं की कुठंतरी दुसरीकडे. मग मी आणि मामांनी दिवस वाटून घेतला. हौदावर ते, शेडमध्ये मी. पोरं भांडायची थांबली नाहीत, पण भांडण झालं की सांगायला यायला लागली. रडत यायची, शिव्या देत यायची, पण यायची.

मुकादमाचं सगळ्यात अवघड गेलं. त्याला पंगतीत बसताच येईना. कुणी वाढलेलं खायची त्याची सवय मोडली होती. पाठ भिंतीला लावून ताट मांडीवर घ्यायचा आणि सगळ्यांवर नजर ठेवायचा. पहिले काही दिवस जेवलाच नाही. मामा त्याच्याशेजारी ताट घेऊन बसायचे आणि आपली भाकरी मोडून अर्धी त्याच्या ताटात टाकायचे, काही न बोलता. एकदा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, मी काय करू आता?" खूप उशिरा का होईना, पण त्या दिवशी मी त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "त्या वर्षी हाताला काय झालं होतं?" त्यानं सांगितलं. त्याला वाटेल तितका वेळ लावून सांगितलं.

पहिल्या महिन्याचा अहवाल बघून अण्णा ऑफिसात ओरडले, "सहा वर्षं निरंक आणि आता पानच्या पान? तुमीच बिघडवलंत सगळं."

"हो, मीच बिघडवलं होतं," मी म्हणालो. "आता ते कागदावर दिसतंय."

"पुढच्या महिन्याला मला असं पान दिसायला नको."

"मग तुम्ही भरा. माझ्या हातानं तो शब्द पुन्हा येणार नाही."

तीन महिन्यांनी मला कामावरून कमी केल्याची नोटीस मिळाली. चौकशीत दोषी ठरलो. ते बरोबरच होतं, मी त्यावर अपील केलं नाही. पण गंमत अशी की नोटिशीत 'अहवालात अनावश्यक तपशील दिल्याबद्दल' असंही एक कलम होतं. ते मात्र मी मान्य केलेलं नाही. लेखी कळवलंय. परळीला आता मी भावाच्या दुकानात बसतो. वीज केंद्राची राख उडून येते, म्हणून दिवसातून चार वेळा काउंटर पुसावा लागतो. ओळखीचे लोक येऊन विचारतात, सगळं सुरळीत चाललं होतं, कशाला उकरून काढलंत? मी त्यांना एवढंच विचारतो की सुरळीत कुणाचं चाललं होतं?

माझा शेवटचा दिवस सांगतो आणि थांबतो.

दुपारची पंगत बसली होती. मी वाढत होतो. मनात नोटीस होती, हात नुसताच फिरत होता. धाकट्याच्या ताटात आमटी घालून पुढं सरकलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, मला पानीच वाढलं कावून?"

पंगत एकदम थांबली. पोरांनी जुन्या सवयीनं माझ्याकडे बघितलंच नाही. सगळ्यांच्या माना मुकादमाकडे वळल्या. थोरल्याचा हात ताटातच थांबला. मुकादम भिंतीला टेकून बसला होता. कानशिलावरची खूण अजून गुलाबी होती. त्यानं घास गिळला आणि म्हणाला, "तळातलं घाला की सर. पोरगं इचारतंय तर."

"आन् मला बी," कुणीतरी म्हणालं. "मला तर रोजच पानी," दुसरं म्हणालं. मग सगळीच ओरडायला लागली. मावशी चुलीपासून म्हणाल्या, "आरं बापांनो, माणसाला जाताना तरी गोड बोला." मी वगराळं भांड्याच्या बुडाला लागेपर्यंत घातलं आणि मागं जाऊन धाकट्याच्या ताटात रिकामं केलं. त्यानं बोट घालून बघितलं, डाळ आहे का म्हणून.

ऑफिसात येऊन मी महिन्याचा अहवाल पुरा केला. नववा रकाना जवळजवळ भरलेला होता. तळाशी दोन ओळींची जागा होती. तिथं मी चांगल्या अक्षरात लिहिलं: 'दुपारी जेवणाच्या वेळी एका बालकाने अधीक्षकाच्या वाढण्याविरुद्ध सर्वांसमोर तक्रार केली. तक्रार खरी होती.' आणि खाली सही केली.